बुरुजावर काढलेली तोफ

मे महिन्यातील धुळ्याची दुपार काही करण्यासाठी नसतेच. रस्ते ओस पडलेले असतात, कूलरच्या वाळ्यातून ओला वास येत असतो, आणि घरातील सर्वांत थंड खोली कोणती याविषयी मुलांचे एकमत झालेले असते. आमच्याकडे ती मधली खोली आहे. गेल्या सुट्टीत तिथल्या शहाबादी फरशीवर आम्ही रोज दुपारी खेळ मांडत होतो. नववीतला भाचा, सहावीतली भाची आणि समोरच्या वेल्डिंगच्या दुकानदाराचा मुलगा, असे तिघे खेळणारे. हा तिसरा मला नात्याने कोणी लागत नाही, पण त्या दोघांचे ऐकून तोही मला मामाच म्हणू लागला होता. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट खेळायची; आणि सूत्रधार मी. वीस पैलूंचा फासा फरशीवर टाकला की तो थेट पलंगाखाली जातो, म्हणून मध्यभागी आईची स्टीलची परात ठेवली होती. प्रत्येक फाशाबरोबर ती खणखणत असे आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत असे की त्या परातीत कणीक मळायची असते, याची कोणाला आठवण आहे का.

पात्रे निवडण्याच्या पहिल्या दिवशी भाच्याने जादूगार घेतला आणि भाचीने झाडाझुडपांशी बोलणारी वनवासिनी घेतली. दोघेही इंग्रजी माध्यमात शिकणारे असल्यामुळे मंत्रांची ती लांबलचक यादी त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. वेल्डिंगवाल्यांच्या मुलानेही नंतर ती हातात घेतली, दोन पाने उलटली, एका ओळीवर बोट ठेवून ती वाचण्याचा प्रयत्न केला आणि मग कागद नीट जुळवून परत ठेवून दिले. मान खाली ठेवूनच त्याने विचारले, "मामा, मन्हा गडीले बंदूक चाली का?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले की या जगात बंदूक नाही. इथे राजे आहेत, किल्ले आहेत, राक्षस आहेत, जादू आहे. बंदूक अजून निघालेली नाही. त्याने वाद घातला नाही. तलवार घेतली. तासाभराने मी मोठ्या कागदावर किल्ल्याचा नकाशा काढत होतो. सातपुड्यातील खिंडीवर नजर ठेवून बसलेला, एकाच्या वर एक असे तीन तट असलेला, आत पाण्याची टाकी असलेला किल्ला. तिन्ही मुले कागदावर ओणवी झाली होती. त्या मुलाने पश्चिमेकडच्या बुरुजावर बोट ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "मग हाई काय शे?"

मी बुरुजावर तोफ काढली होती.

ती मी मुद्दाम काढली नव्हती. किल्ला म्हटला की तट, तट म्हटला की बुरूज आणि बुरूज म्हटला की तोफ, हे लहानपणी दिवाळीत मातीचे किल्ले करताना हाताला लागलेले वळण आहे. त्यात डोके मध्ये येत नाही. मुले हसली, मीही हसलो, "ती मोडकी आहे" असे काहीतरी पोरकट उत्तर दिले आणि खेळ पुढे नेला. परंतु रात्री गच्चीवर अंथरुणावर पडल्यावर ते बोट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागले. मी नकार कशाच्या जोरावर दिला होता? हा खेळ मला पुण्याच्या वसतिगृहात, झेरॉक्स केलेल्या पानांवरून शिकायला मिळाला. त्या पानांबरोबर एक संपूर्ण मुलूखही आला होता: बर्फ पडणारी गावे, शेकोटी पेटलेल्या सराया, चिलखत घातलेले सरदार. त्या मुलखातच बंदूक नसते हा नियमही तेव्हा आला आणि मी तो देवघरातील वस्तूसारखा जपून ठेवला. माझ्या हाताने काढलेला किल्ला मात्र त्या मुलखातील नव्हता, तो बऱ्हाणपूरजवळचा अशीरगड होता. आणि खोलीतील तीन मुलांपैकी नेमक्या एकालाच तो नियम आडवा गेला होता, ही गोष्ट तर मला रात्र होईपर्यंत दिसलीही नव्हती.

या नियमाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावाने छापून आला. गायगॅक्स यांच्या स्वतःच्या ग्रेहॉक नावाच्या जगात बंदुकीच्या दारूला मज्जाव होता. परंतु त्यांचा बालमित्र आणि धंद्यातील भागीदार डॉन के याला पश्चिम अमेरिकेतील गुराख्यांचे भारी वेड होते. त्याचा मर्लिंड नावाचा जादूगार कमरेला दोन सहाबारी पिस्तुले लावून फिरत असे. आता मित्राला नाही कसे म्हणायचे? गायगॅक्स यांनी तोडगा काढला की ती पिस्तुले नव्हेतच. त्या दोन जादूच्या कांड्या आहेत, ज्यांतून मोठा आवाज होतो आणि लहान पण जीवघेणी वस्तू वेगाने बाहेर पडते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. आता त्या हसण्यात थोडी खंत मिसळली आहे. नियम करणाऱ्याने आपल्या मित्रासाठी पहिल्याच दिवशी मागचे दार उघडे ठेवले होते, आणि हजारो मैलांवर धुळ्याच्या मधल्या खोलीत मी पुढच्या दारावर पहारा देत बसलो होतो.

इतिहासाचा आधार घ्यावा म्हटले तर तोही हाती लागत नाही. युरोपात तोफेचे सर्वांत जुने चित्र १३२६ सालच्या एका हस्तलिखितात आहे. फुलदाणीसारखी पोटफुगी तोफ आणि तिच्या तोंडातून निघणारा चक्क एक बाण. डोक्यापासून टाचेपर्यंत पोलादात मढलेला जो सरदार या खेळांच्या मुखपृष्ठावर उभा असतो, त्याचे ते संपूर्ण चिलखत मात्र १४०० सालच्या आसपासचे. म्हणजे चिलखत घातलेला वीर हा तोफेहून वयाने लहान आहे. पुढे तर चिलखत करणारे कारागीर छातीच्या पत्र्यावर स्वतःच गोळी झाडून पाहत आणि पडलेला पोचा गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवत, की माल तपासलेला आहे. तलवार, चिलखत आणि बंदूक दोन-अडीच शतके एकाच रणात नांदत होती. तेव्हा कल्पनेतील मध्ययुगातून बंदूक हद्दपार होण्याचे कारण इतिहास हे नाही, मनाची अढी हे आहे. वीस वर्षे तालीम केलेला वीर एका शेतकऱ्याच्या बोटाच्या हालचालीने कोसळावा, हे गोष्ट सांगणाऱ्याला रुचत नाही. जादूगाराने अग्निगोल टाकून चाळीस माणसे जाळली तर चालते, कारण त्यामागे तपश्चर्या आहे, किंवा रक्तातून आलेला वारसा आहे. बंदुकीला ना तप लागते ना कूळ. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे.

तरीही काही जगे अशी रचली गेली, ज्यांत तलवार, मंत्र आणि बंदूक यांचा एकत्र संसार आहे, आणि त्या प्रत्येक रचनाकाराला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: दारू आली कुठून? 'फरगॉटन रेल्म्स'मध्ये साधी बंदुकीची दारू पेटतच नाही. तिच्या जागी 'स्मोकपावडर' नावाची मंतरलेली भुकटी आहे, आणि ती कारागिरांचा देव गाँड याने लांटान बेटावर उतरून तिथल्या लोकांना दिली. म्हणजे बंदूक हा देवाचा प्रसाद. 'पाथफाइंडर'मधील अल्केनस्टार हे शहर याच्या अगदी उलट आहे. दोन महाजादूगारांच्या युद्धामुळे मधला प्रदेश असा करपला की तिथे जादू एकतर चालत नाही किंवा भलतीच चालते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी जगण्यासाठी बंदूक घडवली. २०११ साली त्या खेळात बंदूकधाऱ्याचा स्वतंत्र वर्ग आला, तेव्हा नियम असा होता की जवळच्या पल्ल्यात गोळी चिलखत मोजतच नाही. पण फासा फारच कमी पडला तर बंदूक अडते, आणि अडलेली बंदूक पुन्हा अडली तर हातातच फुटते. 'आयर्न किंग्डम्स'मध्ये वाफेवर चालणारे लोखंडी राक्षस आहेत आणि पिस्तुलाच्या गोळीवर मंत्राक्षरे कोरून ती झाडणारे जादूगार आहेत. १९८६ साली आलेल्या 'वॉरहॅमर'च्या भूमिकाखेळात न्यूल्न शहरात तोफखान्याची रीतसर शाळाच आहे, आणि तिथले जग इतके चिखलाचे, रोगराईचे आणि कर्जबाजारी आहे की बंदूक त्यात मुळीच उपरी वाटत नाही. २००४ सालचे 'एबेरॉन' मला सर्वांत चतुर वाटते. तिथे जादूच कारखान्यात शिरली आहे, विजेच्या भुतांना जुंपून आगगाड्या धावतात, शिपाई जादूच्या कांड्या वापरतात. साहजिकच बंदुकीची गरजच कोणाला भासलेली नाही. 'स्पेलजॅमर'मधील पाणघोड्याच्या तोंडाची गिफ जमात बंदुकीवर जीव टाकते, तो मात्र निव्वळ विनोद आहे आणि तेवढाच तो असू द्यावा.

या सर्वांत मला आवडते ते अल्केनस्टार. जिथे मंत्र पोहोचला नाही, तिथे माणसाने भाता लावला.

दारू कुठून आली हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही, कारण आमच्या घरात ती जवळजवळ रोज येत असे. माझे वडील वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. तिथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, एवढे आम्हा मुलांना ठाऊक होते. आत नेमके काय चालते ते वडिलांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. भोंगा झाला की सायकलींची रांग बाहेर पडायची. वडील घरी येऊन मोरीवर हात धुवायचे, साबण दोनदा लावायचे, तरी त्या हातांना पितळेचा एक वास राहायचाच. देवळातील घंटा हाताळल्यावर बोटांना येतो तसा. त्यांच्या खिशात काडेपेटी कधीच नसायची. कामावरची ती सवय घरातही शिरली होती. देवापुढचा दिवा लावायची वेळ आली की ते आईला हाक मारत, स्वतः काडी ओढत नसत. दिवाळीत फटाके आणायचे, पण आम्ही ते उडवताना ते ओट्यावरून उठून आत जात. मला तेव्हा वाटायचे की त्यांना आवाजाची भीती वाटते. पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की आम्हाला जो आवाज वाटायचा, तो त्यांना आतल्या घडणीसकट ऐकू येत असावा.

दारू हा शब्दही असाच हातोहात फिरून आलेला आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. मग तोच शब्द गंधक, सोरा आणि कोळशाच्या मिश्रणाला लागला, आणि गुत्त्यावरच्या बाटलीलाही लागला. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूचे नाव 'अग्नीचे औषध' असेच आहे. ज्यांनी ती प्रथम घोटली ते किमयागार अमृत शोधत होते. तेव्हा जादू आणि बंदूक या दोन वेगळ्या आळीतील वस्तू आहेत हे मानणेच मुळात चुकीचे होते. एक दुसरीच्या खलबत्त्यातून निघाली आहे. बाणाचेही तसेच. जुन्या बखरींतून 'बाण सुटले' असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे धनुष्य येते, पण अनेकदा ते बाण म्हणजे दारू भरलेल्या नळ्या असत, आग ओकत जाणाऱ्या. एकाच शब्दात धनुष्य आणि अग्निबाण गुण्यागोविंदाने राहत होते. आम्ही मात्र नियमपुस्तकात त्यांच्यामध्ये भिंत बांधली.

मी अशीरगड पाहिला तो कॉलेजात असताना, पावसाळा संपता संपता. बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात गेले असले तरी भुसावळकडच्या माणसाला ते परके वाटत नाही; फारुकी सुलतानांचा खान्देश १३८२ पासून १६०१ पर्यंत चालला, त्याचा जीव याच बऱ्हाणपुरात आणि वीसेक किलोमीटरवरच्या या गडात होता. अकबराचा वेढा १६०० साली पडला आणि गड हाती आला तो जानेवारी १६०१ मध्ये. आत तोफा होत्या, दारूची कोठारे होती, धान्य होते, पाणी होते. एवढे असूनही तो पडला, तेव्हा दार तोफेने नव्हे तर सोन्याच्या किल्लीने उघडले, म्हणजे लाचेने, असेही सांगितले जाते. आम्ही वर पोहोचलो तेव्हा गवत कमरेइतके वाढले होते आणि त्यात पावसाचे पाणी साचून कुजल्याचा गोडसर दर्प येत होता. वाटाड्याला मशीद, टाकी, तट यांत फारसा रस नव्हता. तो आम्हाला घाईने महादेवाच्या देवळाकडे घेऊन गेला आणि सांगू लागला की इथे पहाटे, कोणी यायच्या आत, पिंडीवर ताजे फूल वाहिलेले असते. ते कोण वाहते, हे त्याने सांगितले नाही. आम्ही खान्देशचे; आम्हाला सांगण्याची गरजही नव्हती.

अश्वत्थामा इकडे सर्वांच्या ओळखीचा आहे. सातपुड्यात रानातून एकट्याने जाणाऱ्याला तो भेटतो, कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. धडगाव तालुक्यातील अस्तंबा शिखरावर धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते आणि माणसे रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. आजी सांगायची की दारात कोणी तेल मागायला आले तर नाही म्हणू नये, कोण असेल ते सांगता येत नाही. तेल महाग झाले तरी तिने हा शिरस्ता मोडला नव्हता. महाभारतातील त्याची शेवटची लढाई मला नेहमी चटका लावते. त्याच्या हाती शस्त्र उरलेले नसते, म्हणून तो गवताची एक काडी उचलतो आणि मंत्राने तिचेच अस्त्र करतो. समोरून अर्जुनही अस्त्र सोडतो. ऋषी मध्ये पडतात आणि दोघांनाही ती परत घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला सोडण्याची विद्या येत होती, परत घेण्याची येत नव्हती. गड उतरताना हे आठवले तेव्हा तटावरच्या तोफांच्या मोकळ्या खाचांकडे पाहून मला वाटले होते की बंदुकीची याहून नेमकी व्याख्या कोणी केलेली नाही. हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि हातातून सुटते ते अस्त्र, हा भेद आपल्या भाषेने आधीच करून ठेवला होता. परवाना मात्र आपण शस्त्राचा देतो.

परवान्यावरून आठवले. आमच्या मुलखात धनुष्य आणि बंदूक यांची गाठ पडली ती काही परीकथेत नव्हे. १८२५ साली धरणगावला जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर उभी केली, म्हणजे सातपुड्यातील तीरकामठेवाल्यांच्या हाती सरकारी बंदुका देऊन त्यांना आपल्याच भाऊबंदांच्या वाटा अडवायला उभे केले. १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत भिल्ल पुढारी खाज्या नाईकांची माणसे सरकारी फौजेपुढे उभी राहिली. पुढे १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि कोणी काय बाळगायचे हे कचेरीत ठरू लागले. 'बंदूक सर्वांना समान करते' असे जे ऐटीत म्हटले जाते, ते मला या इतिहासामुळे कधीच पटले नाही. बंदूक चालवायला कूळ लागत नाही हे खरे. पण ती मिळायला काय काय लागते, ते सातपुड्यातल्या माणसाला विचारावे. जादूची गोष्टही तितकीच बिकट आहे. आमच्या परातीत मंत्र म्हणजे आठ पैलूंचे तीन फासे. नंदुरबारकडच्या पाड्यावर एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवले गेले तर तिचे घर, शेत आणि कधी जीवही जातो. त्यासाठी २०१३ साली या राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. हे मुलांना सांगावे की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. भाचीला थोडेसे सांगितले. तिने विचारले की मग तिची वनवासिनी गावात गेल्यावर लोक तिला काय म्हणतील. तो प्रश्न मला नियमपुस्तकातील कोणत्याही प्रश्नापेक्षा चांगला वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बुरुजावरची तोफ खोडली नाही. वेल्डिंगवाल्यांच्या मुलाला सांगितले की मी चुकलो, या जगात बंदूक आहे, फक्त ती दुर्मीळ आहे. नव्या नियमपुस्तकात, म्हणजे २०२४ च्या, बंदूक इतर हत्यारांच्या तक्त्यातच आली आहे: तिची इजा बारा पैलूंच्या फाशाची, लांब धनुष्याची आठ पैलूंच्या, किंमत पाचशे सुवर्णमुद्रा, धनुष्याची पन्नास. मी हे वाचून दाखवले. मला वाटले तो खुश होईल. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारले की नळी कशाची आहे. मी म्हणालो, लोखंडाची. ते त्यालाही कळत होते. त्याला हे हवे होते की नळी अखंड आहे की पत्रा वळवून जोडलेली, आणि जोडलेली असेल तर जोड कुठे आहे. कारण फुटली तर ती जोडावर फुटणार. पुस्तकात याचे उत्तर नव्हते. मी त्याला सांगितले की आपल्याकडचे लोहार अनेकदा लोखंडाच्या पट्ट्या पीळ घालून गुंडाळत आणि तापवून ठोकून त्यांची नळी करत. तो थांबला, आपल्या बोटांनी हवेत पीळ घातला आणि म्हणाला की मग जोड सरळ येणार नाही, फिरत जाईल, आणि ते चांगले. भाचा, जो एरवी मंत्राच्या वर्णनातील स्वल्पविरामावरूनही वाद घालतो, तोंड उघडे ठेवून ऐकत होता.

त्यानंतरचा तास आम्ही खेळलोच नाही, नियम केले. ते नियम मुख्यतः त्यानेच केले. तोड्याची बंदूक, वात जळत ठेवावी लागणार, म्हणजे रात्री शत्रूला तिचा लाल ठिपका दिसणार आणि पावसात ती विझणार. कानात, म्हणजे नळीच्या बुडाच्या भोकात, रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची, नळीत दारू ठासायची. एक बार झाला की पुढचे दोन डाव भरण्यात जाणार. फाशावर एक पडला तर बार अडणार. शिवाय दर तीन बारांनंतर नळी पाण्याने धुऊन आतून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर पुढच्या वेळी एकापासून तीनपर्यंत काहीही पडले तरी अडणार. तेल कुठे ठेवायचे? त्याने पात्राच्या कागदावर कमरेला लटकवलेली एक कुपी काढली. त्यात दहा वेळा पुरेल एवढे तेल, असे मी लिहिले. ती कुपी त्याने इतकी नेटकी काढली होती, झाकणाची साखळी आणि बुडाची कडी यांसह, की मी ती आईला नेऊन दाखवली. आई म्हणाली, तुझे बाबा असते तर त्यांनी ही बंदूक काढूच दिली नसती. आणि मग थोड्या वेळाने म्हणाली, किंवा त्यांनी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या असत्या. यांपैकी कोणते खरे, ते आम्हा दोघांनाही ठरवता आले नाही. मला अजूनही ठरवता येत नाही. मुलाच्या हाती बंदूक दिली, ती कागदावर का असेना, याचे मला पूर्ण समाधान नाही. ती नाकारली होती, त्याचे तर मुळीच नाही.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी तिघे गडाखालच्या रानात पोहोचले. बाहेर वळवाच्या पावसाचे ढग भरून आले होते, वीज गेली होती, कूलर थांबला होता आणि खोलीत घामाचा व आंब्याच्या सालींचा वास कोंडला होता. खेळातही पाऊस होता. वात दोनदा विझली होती आणि तीन बार उडवून झाले होते. झाडांमागून एक उंच माणूस चालत आला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला फडके, फडक्यातून कपाळावर काहीतरी ओघळणारे. मी आवाज बदलला नाही, नाव सांगितले नाही. त्याने हात पुढे केला आणि थोडे तेल मागितले, एवढेच सांगितले. भाच्याने लगेच मंत्रांची यादी उघडली आणि जखम भरणारा मंत्र मी चालू देईन का ते विचारू लागला. भाची त्याला गप्प करत होती. वेल्डिंगवाल्यांचा मुलगा आपल्या कागदाकडे पाहत होता. कुपीत एकच वेळेचे तेल उरले होते आणि नळी धुवायची राहिली होती; मागे, वरच्या तटाजवळ, शत्रूच्या मशाली दिसू लागल्या होत्या.

"याले माहीत शे का, तेल बंदुकीनं शे?" त्याने विचारले.

मी म्हणालो, त्याला सगळे माहीत आहे. मुलाने पेन्सिल उचलली, कुपीतील शेवटची रेघ खोडली आणि परात आपल्याकडे ओढून घेतली. "आते टाकस," तो म्हणाला. फासा परातीत पडला आणि बराच वेळ फिरत राहिला.